मोठा मासा, मोठं टाकं आणि आर्णीचा मे महिना

दुकानात मोठ्या माशाची जी किंमत सांगतात ती किंमत नसते, विसार असतो. बोटाएवढा ऑस्कर शंभर-दीडशे रुपयांत पिशवीत बांधून मिळतो. नीट खाऊपिऊ घातलं तर दीड-दोन वर्षांत तो फूटभर होतो आणि पुढची दहा वर्षं त्या फूटभर देहाला जागा, पाणी, हवा आणि वीज पुरवत राहावी लागते. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा रुपेरी मासा म्हणजे पंगस. ‘पिरान्हा’ म्हणून दाखवतात तो लाल पोटाचा बहुतेक वेळा रूपचंद निघतो. दोघंही आपल्याकडच्या मासळी बाजारात किलोच्या भावानं मिळतात. म्हणून पहिला सल्ला असा की शोभेच्या माशांच्या दुकानात जाण्याआधी एकदा मासळीच्या दुकानात जाऊन या. तिथल्या परातीत पडलेला दीड किलोचा रूपचंद बघा आणि हा आपल्या बैठकीत कुठे वळेल ते मनात मोजा. मोठ्या टाक्यांचे निम्मे बेत इथेच गळतात, आणि गळलेले बरे.

पुणे-मुंबईची मंडळी टाकीचा हिशेब काचेपासून सुरू करतात. आपल्या विदर्भातल्या आर्णीत तो मे महिन्यापासून मागे लावत यावा लागतो. पारा ४२-४४ च्या घरात, नळाच्या पाण्याचा भरवसा नाही, आणि संध्याकाळी वावधान सुटलं की लाइन गेलेली. त्या आठवड्यात पूर्ण वाढलेला मासा जगवायला काय काय लागेल ते आधी लिहून काढा. खर्चाची खरी यादी तीच. पुढे दिलेले आकडे साधारण अंदाजाचे आहेत. यवतमाळ, नागपूर आणि गावातला मिस्त्री असे तीन भाव घेऊनच पक्का आकडा ठरवा.

माप आणि वजन

टाकीची रुंदी पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीपेक्षा कमी नको, नाहीतर त्याला वळता येत नाही. सिल्व्हर अरोवाना घरात अडीच-तीन फुटांपर्यंत जातो, त्यामुळे तीन फूट रुंदी आली. लांबी आठ फूट आणि उंची अडीच फूट धरू. हे झालं ६० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे सुमारे १,७०० लिटर पाणी, आणि लिटरला किलो या हिशेबानं १,७०० किलो वजन. वर काच पावणेतीनशे-तीनशे किलो, लोखंडी स्टँड सव्वाशे किलो. दोन टनांच्या पुढे गेलो.

राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून बांधतात. आपली टाकी सव्वादोन चौरस मीटर जागेवर बसते, म्हणजे चौरस मीटरला साडेनऊशे किलो पडले. त्यामुळे पहिल्या मजल्यावर ठेवायची असेल तर ‘काही होत नाही जी’ म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी शब्दावर ठेवा. तळमजल्याला तोड नाही.

पण तळमजलाही आपल्याकडे बेभरवशाचा. खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. घराची फरशी वर्षाला केसभर उचलते-दबते ते आपल्या लक्षातही येत नाही, पण आठ फुटांच्या काचेच्या लक्षात येतं. एक कोपरा दोन-तीन मिलिमीटर खचला तरी काचेच्या सांध्यावर पीळ बसतो आणि एखाद्या रात्री तडा जातो. शहाबादी फरशीवर सरळ स्टँड ठेवणं म्हणजे आपणहून ओढवून घेणं. फरशी उकला, काळी माती काढून पक्का मुरूम भरा, धुम्मस करा आणि स्टँडपेक्षा चारी बाजूंनी अर्धा फूट मोठा, सहा इंच जाडीचा सळई घातलेला काँक्रीटचा ओटा टाका. नऊ बाय चार फुटांच्या ओट्याला चार पोती सिमेंट लागतं. फोडतोड, सळई आणि मजुरी धरून ८ ते १२ हजार रुपये. ओट्याला महिनाभर द्या आणि लेव्हल पाण्याच्या नळीनंच तपासा, डोळ्यांनी नको.

स्टँड ५० मिलिमीटरच्या चौकोनी, तीन मिलिमीटर जाड पाइपाचा. सुमारे १२० किलो लोखंड लागतं. वेल्डिंग आणि रंगासह किलोमागे भाव ठरतो, म्हणून काम उक्तं देऊ नका, वजन करून पैसे द्या. वर जाड प्लाय आणि त्यावर थर्माकोल धरून १४ ते १८ हजारांत बसतं.

काच

टाकी लांब केली म्हणून पाण्याचा दाब वाढत नाही, तो उंचीनं वाढतो. अडीच फूट पाण्याला आठ फुटांच्या पुढच्या काचेवर एकूण सातशे किलोच्या आसपास रेटा बसतो. उंची तीन फूट केलीत तर हाच रेटा जवळजवळ दीडपट होतो. म्हणून ‘उंच टाकी भारी दिसते’ या मोहात पडू नका. पैसा रुंदीत घाला, मासाही दुवा देईल.

या मापाला वरून काचेच्या पट्ट्यांचा आधार दिला तर १५ मिलिमीटर जाडी घेतात. पट्ट्या नको असतील तर १९ मिलिमीटर. बारा मिलिमीटरमध्ये ‘चालून जाईल’ म्हणणारा स्वस्त पडतो, पण सातशे किलो दहा वर्षं रात्रंदिवस रेटत राहतात हे तो धरत नाही. साधी फ्लोट काच तडकली की आधी गळते, म्हणजे सावध व्हायला वेळ मिळतो. टफन्ड काच फुटते तेव्हा एका क्षणात चुरा होते आणि सगळं पाणी बैठकीत. शिवाय टफन्ड केल्यावर भोक पाडता येत नाही. पाइपांची भोकं कुठे हवीत ते आधीच ठरवा.

सिलिकॉनच्या नळीवरचा मजकूर स्वतः वाचा. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशाला विष. दुकानदाराच्या लेखी दोन्ही नळ्या पांढऱ्याच असतात.

तयार टाकी नागपुराहून आणायचा विचार करू नका. नागपूर ते आर्णी, यवतमाळवरून राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने, सुमारे १९० किलोमीटर. तीनशे किलोची जोडलेली काच एवढ्या प्रवासाला गाडीत बसवणं आणि मग घराच्या दारातून आत घेणं, दोन्ही अवघड. काचेचे कापलेले, कडा घासलेले तावच आणायचे आणि कारागिराने इथे येऊन ओट्यावर जोडायचे. त्याचा दोन दिवसांचा मुक्काम आणि जेवणखाण तुमच्याकडे. काच, घासाई, सिलिकॉन, मजुरी, गाडीभाडं मिळून ६० ते ९० हजार. शेवटचे वीस टक्के हातात राखून ठेवा. सिलिकॉन आठवडाभर वाळलं, टाकी काठोकाठ भरली आणि आठ दिवस ठिपकाही गळला नाही, की मग द्या. हे आधी कागदावर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पैसे देताना आठवत नाही.

पाणी आणि लाइन

मोठा मासा मोठी घाण करतो. त्याच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया निघतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पैसे टाकून ती एका दिवसात येत नाही. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी चालू असेल तर तिच्यातला मळलेला स्पंज मागून आणा. आठवडे वाचतात. स्पंज क्लोरीनच्या नळाखाली धुतलात तर सगळे जिवाणू मेले म्हणून समजा.

टाकीखाली ३०० लिटरची फिल्टरची काचपेटी, तिच्यात जाळी, स्पंज, सच्छिद्र दगड, आणि तासाला पाच-सहा हजार लिटर उचलणारा कमी विजेचा पंप. सगळं १८ ते २८ हजार. महागड्या सच्छिद्र गोळ्यांऐवजी पाण्याच्या बाटल्यांची शेकडो झाकणं भरणारे लोक आहेत. जागा जास्त लागते, काम होतं.

विजेचा हिशेब सोपा आहे. पंप ६० वॉट, हवेचा पंप २०, दोन्ही चोवीस तास. दिवे ६० वॉट, आठ तास. महिन्याला सुमारे ७२ युनिट. ही युनिटं तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर जातात, त्यामुळे त्यांना बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागतो. सरासरी दर धरून फसू नका. युनिटला दहा ते पंधरा रुपये धरले तर सातशे ते अकराशे. हिवाळ्यात रात्री पारा १०-१२ वर येतो तेव्हा तीनशे वॉटचे दोन हीटर आठ तास चालले तरी महिन्याला १४४ युनिट वाढतात. टाकीच्या दोन बाजूंना थर्माकोल लावला आणि खिडकी बंद ठेवली की यातलं बरंच वाचतं.

खरा प्रश्न उन्हाळ्याचा. पाणी २५ अंशांवर असताना लिटरमध्ये ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ वर फक्त ७. माशाची भूक मात्र उकाड्यानं वाढते. शिवाय आपलं बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी. पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितका तेवढाच अमोनिया जास्त जहरी. म्हणून मे महिन्यात मासा तोंड वर करून मागत असला तरी निम्मंच खायला घाला.

थंड करायची यंत्रं मिळतात, पण या मापाची घेतलीत तर त्यांची किंमत आणि बिल दोन्ही एसीच्या जातीची. विदर्भात त्यांचा बाप घराघरात आहे: कूलर. टाकी कूलरच्याच खोलीत ठेवा. झाकणाची काच काढून जाळी बसवा, पाण्यावरून एक छोटा पंखा आडवा फिरवा. लिटरभर पाणी उडताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता नेतं, म्हणजे आपल्या टाकीतून तीन लिटर उडालं की एक अंश उतरला. कोरड्या एप्रिलमध्ये दिवसाला एक-दोन बादल्या सहज उडतील. पण उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. उडालेल्याच्या जागी रोज बोअरचंच ओतत गेलात तर पाणी दिवसेंदिवस जड होतं. भर घालायला आरओचा कॅन किंवा छतावरून साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

आठवड्याला पाव टाकी बदलायची म्हणजे सव्वाचारशे लिटर, महिन्याला टाकीभर. नळाचं असेल तर क्लोरीन मारायला हायपोचे दाणे. चारशे लिटरला तीन ग्रॅमच्या आसपास पुरतात. बोअरचं असेल तर क्लोरीन नाही पण प्राणवायूही कमी, ड्रममध्ये रात्रभर हवा सोडून मग ओता. काढलेलं पाणी गटारात घालवू नका, नायट्रेटनं भरलेलं ते पाणी परसातल्या लिंबाला, कढीपत्त्याला खतासारखं लागतं. उन्हाळ्यात टँकर मागवायची पाळी येत असेल तर आधी तेवढ्या पाण्याची वेगळी टाकी बांधा, मग माशाचं बघा. घरातल्या बाईनं दोन हंडे जपून वापरायचे आणि बैठकीत चारशे लिटर बदलायचे, हे भांडणाचं मूळ आहे.

लाइन गेली की मोठा पंप नको, हवेचा पंप हवा. घरात १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर हवेचा पंप एकट्याला चाळीस तास निघतो. तोच इन्व्हर्टर पंप, दिवे, पंखे सगळ्यांना वाटून दिला तर पहाटेच्या आत संपतो. म्हणून त्या पंपाला वेगळी वायर काढा. स्वतंत्र पॉइंट, नीट अर्थिंग आणि गळती-प्रवाह तोडणारा ब्रेकर यांचे तीन-चार हजार कुठल्याही परिस्थितीत वाचवू नका. टाकीत हात घालणारे तुम्हीच आहात.

झाकण-दिवे सहा ते दहा हजार, हवेचे पंप तीन ते सहा, हीटर दोन-तीन, पाणी तपासायचा संच, थर्मामीटर, नळ्या मिळून तीन-चार. सगळी बेरीज एक लाख सतरा हजार ते पावणेदोन लाखांवर जाते, आणि अजून मासा आणलेला नाही.

हौद का नाही?

माझं मत विचाराल तर आर्णीत मोठ्या माशाला काचेपेक्षा हौद बरा. अंगणात किंवा पडवीत दहा बाय पाच, तीन फूट पाण्याचा हौद म्हणजे ४,२५० लिटर. काचेच्या टाकीच्या अडीचपट. निम्मा जमिनीत, निम्मा वर, नऊ इंची विटांचा, तळाला सळईचं काँक्रीट, आतून वॉटरप्रूफ गिलावा. मातीतला भाग दुपारीही फार तापत नाही. समोरच्या भिंतीत चार बाय दोनची काचेची खिडकी ठेवली तर बाजूनंही मासा दिसतो. फिल्टरला दोनशे लिटरचे निळे ड्रम. वर ७५ टक्क्यांचं ग्रीन नेट, उन्हासाठी आणि खंड्या-बगळ्यासाठी. मांजरासाठी त्याखाली लोखंडी जाळी. सगळं ५५ ते ७५ हजारांत होतं, आणि गावातलाच मिस्त्री करतो.

नव्या सिमेंटचं पाणी मात्र साबणासारखं अल्कधर्मी असतं. दोन-तीन आठवडे भरून, उपसून, पुन्हा भरून धुवा. केळीच्या खांबाचे तुकडे टाकून ठेवायची जुनी रीत आहे, ती उपयोगी पडते. तरीही सामू मोजल्याशिवाय मासा सोडू नका. ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांना हे सगळं सांगायची गरज नाही. पाचशे मायक्रॉनचा कागद काय असतो ते त्यांना ठाऊक आहे. हौदाला तोच अंथरला तर गिलाव्याचा खर्च वाचतो.

मासा कोणता

जायंट गुरामी. दोन फुटांपर्यंत वाढतो, माणूस ओळखतो, पालक, केळीची कोवळी पानं, उकडलेले वाटाणे खातो. आणि मुख्य म्हणजे पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेतो. लाइन रात्रभर गेली तरी तो तग धरतो. आपल्याच नदीतला मरळही हवा घेतो, पण तो शिकारी, सोबत्याला उरवत नाही. हौदात कोई शोभतात. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवायचा, त्याला एवढी टाकी लागतही नाही. अरोवाना देखणा, पण उडी मारतो. जड झाकण नसेल तर सकाळी फरशीवर सापडतो. रेडटेल कॅटफिश चार फुटांचा होतो, ॲलिगेटर गार माणसाएवढा. ते घरासाठी नाहीतच.

सोनेरी-लाल एशियन अरोवानाची गोष्ट वेगळी. तो आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातल्या सर्वांत कडक यादीत आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. कागद न देणाऱ्याकडून घेऊ नका. सिल्व्हर अरोवाना त्या यादीत नाही. आफ्रिकन मांगूर मात्र २००० पासून बंदीचा आहे, कुणी ‘कडक मासा’ म्हणून देऊ केला तरी.

शोभेचे मासे चेन्नईचं कोळत्तूर आणि कोलकाता इथून प्राणवायूच्या पिशव्यांत देशभर जातात. नागपूरच्या दुकानात पिशवी पोचली त्याच दिवशी मासा घेऊ नका. आठवड्यानं घ्या, तोवर मरायचे ते दुकानदाराच्या खात्यावर मरतात. थर्माकोलच्या डब्यात, पहाटे निघून आणा.

पाच किलो मासे असतील तर दिवसाला पन्नास-पाऊणशे ग्रॅम खाद्य, महिन्याला दोन किलो. डबीतलं ब्रँडेड खाद्य किलोला पाचशे ते हजार. मत्स्यशेतीवाले वापरतात ते तरंगतं खाद्य त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात पडतं आणि मोठ्या माशाला पुरेसं असतं. पोतं मोठं येतं, तीन-चार जणांत वाटून घ्या, पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. कोंबडीची काळीज-आतडी घालू नका, पाणी तेलकट होतं आणि माशाच्या अंगात चरबी साठते. वीज, खाद्य, कापूस-औषध धरून महिन्याला दीड ते तीन हजार, हीटरच्या दिवसांत त्याहून वर.

नको झाला म्हणून अरुणावती नदीत सोडणं हा पर्याय नाही. काच साफ करायला आणलेला सकर, म्हणजे आपला हेलिकॉप्टर मासा, असाच कुणीतरी सोडला आणि आता देशातल्या कितीतरी जलाशयांत जाळ्यात अडकून ढिवरांची जाळी फाडतो. दुकानदाराला आधीच विचारा, मोठा झालेला मासा परत घ्याल का? हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्या. वापरलेल्या टाकीला निम्मीही किंमत येत नाही, तेही धरून चाला.

काचेचीच टाकी ठरवलीत तर ओटा पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आसपास टाका. डिसेंबरात काच जोडा, जानेवारीत जिवाणू जमू द्या, फेब्रुवारीत बोटाएवढे दोन गुरामी सोडा, दोनच. मग पहिला मे येईल. एका दुपारी कूलर आणि पंप तीन तास बंद ठेवा, हवेचा पंप फक्त इन्व्हर्टरवर चालू द्या, शेजारी बसा आणि दर अर्ध्या तासानं थर्मामीटर वहीत लिहा. पाणी ३२ च्या खाली राहिलं तर पावसाळ्यात तिसरा मासा आणायला हरकत नाही.